अ‍ॅसायक्लोव्हिरची ट्यूब: धोका कुठे आहे?

नागीण उठली की जत-तासगावपासून कोरेगावपर्यंत घरात गेरू उगाळला जातो, नाहीतर मेडिकलमधून अ‍ॅसायक्लोव्हिरची ट्यूब येते. मग धास्ती वाटते: दिवसातून दहादा चोळलं, किंवा पोरानं ट्यूब चोखली, तर?

५ ग्रॅमच्या ट्यूबमध्ये औषध ५ टक्के, म्हणजे अवघं २५० मिलिग्रॅम. कांजिण्या झालेल्या १२ किलोच्या मुलाला डॉक्टर एका वेळेला पोटातून जवळपास एवढंच देतात. कातडीवाटे तर ते रक्तात नाममात्र उतरतं. शिवाय या औषधाला जागं करणारं विकर विषाणूच बनवतो, त्यामुळे निरोगी पेशींना त्याची फारशी झळ लागत नाही. जाड थरानं फोड लवकर सुकत नाहीत. उलट आग होते, कातडी सोलते. पोरानं गिळलंच तर तोंड पुसा, उलटी काढू नका आणि ट्यूब सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा. घाईत भलतीच ट्यूब हाती लागलेली असू शकते.

जपायचं ते गोळ्यांना. नागिणीसाठी मोठ्या माणसाला साधारण ८०० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून पाच वेळा, सात दिवस देतात. हे औषध मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं. माण-खटावच्या उन्हात राबणारा, पाणी कमी पिणारा, वर ठणका थांबावा म्हणून डायक्लोफेनॅक घेणारा माणूस असेल, तर औषधाचे स्फटिक मूत्रपिंडाच्या बारीक नळ्यांत अडकू शकतात. लघवी कमी होते. साठलेलं औषध मेंदूवर परिणाम करतं: बरळणं, हात थरथरणं, भास. घरचे म्हणतात, नागीण डोक्यात गेली. ही लक्षणं दिसली तर तडक दवाखाना गाठा. चुकलेली गोळी दुप्पट करून घेऊ नका, आणि किडनीचा जुना आजार असेल तर आधीच सांगा. डोस कमी करावा लागतो.

ट्यूबचा खरा तोटा असा की ती वेळ खाते. ओठावरच्या तापाच्या फोडांना क्रीम ठीक. नागिणीचा विषाणू मज्जातंतूत असतो, तिथवर ते पोचत नाही. गोळ्या पुरळ उठल्यापासून ७२ तासांत सुरू झालेल्या बऱ्या. नागिणीची दोन्ही तोंडं जुळली की माणूस दगावतो, ही भीतीही सोडा. नागीण एका मज्जातंतूच्या वाटेनं, बहुधा एकाच बाजूला पसरते. पण फोड कपाळावर किंवा नाकाच्या शेंड्यावर आले तर डोळ्याला धोका असतो. कातडीचं क्रीम डोळ्यात घालू नका, डोळ्याचं मलम वेगळं, ३ टक्क्यांचं असतं. त्याच दिवशी मिरज किंवा साताऱ्यातल्या नेत्रतज्ज्ञांना दाखवा.