पिंग चालतं, फाइल अडते

व्हीपीएन जोडलं जातं, लॉगिन होतं, चॅटवरचे चार शब्दही पोचतात. पण मोठी फाइल पाठवायला घेतली की सगळं जागच्या जागी थांबतं. घरून काम करणाऱ्या अनेकांची ही तक्रार असते. वेग तपासला तर तो उत्तम येतो. मग राउटर बंद-चालू होतो, केबल बदलली जाते, आणि दुखणं तसंच राहतं. अशा वेळी वेगाचा नाद सोडून पॅकेटचा आकार पाहावा.

इथरनेटवर एका पॅकेटची कमाल मर्यादा, म्हणजे एमटीयू, साधारणपणे १५०० बाइट असते. ब्रॉडबँड पीपीपीओईवर चालत असेल तर त्यातले ८ बाइट तिथेच खर्ची पडतात आणि १४९२ उरतात. व्हीपीएन आणखी जागा खातं. वायरगार्ड सहसा १४२० धरून चालतं. वाटेतला सर्वांत अरुंद टप्पा सगळ्या वाटेची मर्यादा ठरवतो.

पूर्वी राउटर मोठ्या पॅकेटचे तुकडे करून पुढे पाठवत. एक तुकडा हरवला तरी अख्खं पॅकेट वाया जाई. केंट आणि मोगल यांनी १९८७ मध्येच या पद्धतीचे धोके दाखवले. १९९० मध्ये मोगल आणि डीअरिंग यांनी ‘पाथ एमटीयू डिस्कव्हरी’ मांडली. पॅकेटवर ‘तोडू नये’ अशी खूण करायची. ते मावलं नाही तर राउटरने ते टाकून द्यायचं आणि पुढची मर्यादा किती, ते आयसीएमपी निरोपाने पाठवणाऱ्याला कळवायचं. आयपीव्ही६मध्ये तर वाटेतले राउटर तुकडे करतच नाहीत.

पण सुरक्षेच्या नावाखाली कित्येक फायरवॉलवर आयसीएमपी सरसकट बंद केलेलं असतं. प्रमाणाबाहेर मोठ्या पिंगने यंत्र कोसळवणाऱ्या ‘पिंग ऑफ डेथ’ हल्ल्याच्या काळातली भीती अजून ओसरलेली नाही. निरोपच अडवला की पाठवणारा तेच मोठं पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. याला ‘ब्लॅक होल’ म्हणतात. माझ्या मते ही सरसकट बंदी म्हणजे नेटवर्कचे कान बंद करणं आहे.

तपासणी सोपी आहे. आधी साध्या पिंगला उत्तर येतंय ना, ते पाहावं. मग विंडोजवर ‘पिंग -एफ -एल १४७२’ चालवावं. हे १४७२, आयसीएमपीचे ८ आणि आयपीचे २० मिळून १५०० होतात. १४६४ जातं पण १४७२ जात नाही, तर वाट बहुधा १४९२ची. अडलेल्या पॅकेटवर ‘तुकडे करावे लागतील’ असं उत्तर आलं, तर निरोपव्यवस्था शाबूत आहे. नुसता ‘टाइम्ड आउट’ दिसला, तर कुठेतरी निरोप गिळला जातोय अशी दाट शंका घ्यावी.

तात्पुरता पण भरवशाचा उपाय म्हणजे राउटरवर एमएसएस क्लॅम्पिंग, म्हणजे एका टीसीपी पॅकेटमधल्या डेटावर आधीच मर्यादा घालणं: आयपीव्ही४च्या १४९२ वाटेसाठी १४५२. मात्र तो फक्त टीसीपीला लागू पडतो, यूडीपीला नाही. लिनक्स सर्व्हरवर ‘टीसीपी एमटीयू प्रोबिंग’ १ वर ठेवलं, तर ब्लॅक होलचा संशय येताच सर्व्हर निरोपाची वाट न पाहता लहान आकार आजमावतो. मुळात ही सोय बंद असते. फायरवॉल आपल्या हातात असेल, तर आधी तीच दुरुस्त करावी: आयपीव्ही४मध्ये आयसीएमपी प्रकार ३, कोड ४ आणि आयपीव्ही६मध्ये प्रकार २ यांना वाट द्यावी. आयपीव्ही४मधल्या बाकीच्या आयसीएमपीवर हवे तर निर्बंध ठेवावेत.