गुंठ्यातले १०८९

आमच्या राहुरी तालुक्यात दोन शेतकरी भेटले की बोलणं पावसावरून उसावर आणि उसावरून गुंठ्यांवर येतं. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १०८९ चौरस फूट. हा ३३ आला जमीन मोजणीच्या शंकू साखळीवरून. ती तेवढीच लांब. असे ४० गुंठे म्हणजे एकर.

गणिताचा मास्तर असल्याने मला जमिनीपेक्षा आकड्याचाच लोभ. पहिल्या आणि शेवटच्या अंकात किमान दोनचा फरक असलेली तीन अंकी संख्या घ्या. समजा ७३२. उलटी करा आणि मोठीतून लहान वजा करा: ७३२ − २३७ = ४९५. आता ४९५ उलटवून त्यातच मिळवा: ४९५ + ५९४ = १०८९! संख्या कुठलीही घ्या, उत्तर हेच. वजाबाकीत मधला अंक नेहमी ९ येतो आणि कडेच्या दोघांची बेरीजही ९, मग दुसरं होणार काय? शिवाय १०८९ ला ९ ने गुणलं की ९८०१, तोच आकडा उलटा.

सातबाऱ्यावर मात्र हेक्टर-आर. एक आर म्हणजे सुमारे १०७६ चौरस फूट. बोलताना गुंठा आणि आर सर्रास एकच धरतात, पण ४० गुंठे आणि ४० आर यांत पाचशे चौरस फुटांचा फरक पडतो. खरेदीखतावर सही करण्याआधी एकक कोणतं, ते विचारून घ्या.