गव्हाणीची सांखळी

साखर कारखान्याच्या गळीत हंगामाचा आरंभ होतो तो गव्हाणींत उंसाची मोळी टाकून. पूजा होते, नारळ फुटतो, आणि छायाचित्र निघतें तें मोळी टाकणाऱ्या पाहुण्यांचें. ती मोळी चरकाकडे ओढून नेणारी सांखळी मात्र खालीं दडलेली असते. आजचें भाषण तिच्याविषयीं आहे.

गव्हाण म्हणजे उंसाचा सरकता रस्ता. समांतर धांवणाऱ्या पोलादी सांखळ्या, त्यांवर आडव्या बसविलेल्या पोलादी फळ्या, आणि टोंकाला सांखळ्या ओढणारीं दांतेरी चाकें. सायकलची सांखळी आपण सर्वांनीं पाहिली आहे; ही तिचीच थोरली बहीण. दोन पट्ट्यांमध्यें पोकळ नळी, जिला बुश म्हणतात. नळींतून जाणारी पिन. आणि नळीवर फिरणारा रोलर. ही रचना मँचेस्टर येथील हान्स रेनॉल्ड यांनीं १८८० सालीं पेटंट केली, आणि मुळांत ती अद्यापि तशीच आहे. गव्हाणीच्या सांखळीची चाल मात्र माणसाच्या पावलाहूनहि मंद. तिचें काम धांवण्याचें नव्हे, ओढण्याचें.

सांखळी जुनी झाली कीं ती ‘लांबली’ असें म्हणतात. हा शब्द थोडा फसवा आहे. रबर ताणावें तसें हें पोलाद ताणलें जात नाहीं. प्रत्येक सांध्यांत पिन आणि बुश एकमेकांवर घासून झिजतात, आणि झीज होईल तितकी कडी पुढें सरते. दोन सांध्यांमधील अंतर १५० मिलिमीटर धरा, आणि सांध्याची झीज अवघी ३ मिलिमीटर. एका कडींत ती सहसा डोळ्याला जाणवणार नाहीं. पण शंभर कड्यांत ती ३०० मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ एक फूट होते! चाकाच्या दांत्यांमधील अंतर कांहीं वाढत नाहीं. मग रोलर दांत्यांच्या तळाशीं न बसतां शेंड्याकडे चढूं लागतात, आणि एके दिवशीं भरल्या गव्हाणींत सांखळी दांता चुकवून उडी मारते. म्हणून जाणते लोक ताणलेल्या सांखळीच्या अनेक कड्या एकदम मोजतात, आणि दोन-तीन टक्के वाढ दिसली कीं ती बदलतात.

पिनेचें पोलाद वरून कठीण आणि आंतून चिवट असावें लागतें. सबंध कठीण केलें तर धक्क्यानें तडकेल, सबंध मऊ ठेवलें तर लवकर झिजेल. म्हणून तापवून वरच्या थरांत कार्बन मुरवितात व मग तें झपाट्यानें थंड करतात. चरकांमधून रसानें भिजलेला भुसा पुढें नेणाऱ्या सांखळ्यांना आंबट रसाचा जाच अधिक. तेथें न गंजणारें पोलाद वापरतात.

काटकसर म्हणून जुन्या सांखळींत एकच नवी कडी बसविण्याचा मोह होतो. मला ती काटकसर वाटत नाहीं. नव्या कडीचें माप शेजारणींशीं जुळत नाहीं, आणि ती चाकावर येतांच दर फेरीला हिसका बसतो.

हंगामांत सांखळी तुटली तर गव्हाण थांबते, चरक थांबतो, आणि भुसा न मिळाल्यानें बॉयलरचें जळणहि आटतें. पण खरा भोग फाटकाबाहेरचा. गाड्यांची रांग लागते. तोडलेला ऊस उन्हांत वाळतो आणि त्यांतील साखर मोडूं लागते. उंसाचे पैसे वजनावर मिळतात, तोडणीची मजुरीहि टनावर. वजनकांट्याशीं पोंचण्यापूर्वीं जें पाणी उडून गेलें, तें शेतकऱ्याच्या आणि रात्रभर गाडीखालीं निजलेल्या तोडणीवाल्या जोडप्याच्या पदरांतून गेलें.