सेंट पॉल्स : घुमटाखालचा हिंदुस्थान

व्हिक्टोरिया राणीच्या काळात मुंबईहून आगबोटीने लंडनला पोहोचलेला पाहुणा व्यापारी असो, संस्थानिक असो की बॅरिस्टर व्हायला आलेला विद्यार्थी, सेंट पॉल्स कॅथेड्रल त्याच्या यादीतून सहसा सुटत नसे. राणीच्या कारकिर्दीच्या सुरुवातीला आत पाऊल टाकायलाच दोन पेनी मोजावे लागत. पुढे ती पट्टी उठली, तरी घुमट चढायचे नि तळघर पाहायचे पैसे वेगळे पडतच.

1666च्या आगीत जुने देऊळ जळाले. ख्रिस्तोफर रेनने 1675 ते 1710 या काळात हे नवे उभे केले. त्याची खरी करामत घुमटात आहे, कारण तो एक नसून तीन आहेत. आतून दिसतो तो विटांचा. लंडनभर दिसतो तो लाकडी सांगाड्यावर शिशाचे पत्रे जडवलेला. दोहोंच्या मध्ये विटांचा एक शंकू लपला आहे आणि माथ्यावरच्या दगडी मेघडंबरीचा सुमारे 850 टन भार तोच पेलतो.

257 पायऱ्या चढल्या की कुजबुजीचा सज्जा लागतो. भिंतीशी तोंड नेऊन हळू बोलले, तरी समोरच्या बाजूला शब्द स्पष्ट ऐकू येतो. विजापूरचा गोलघुमट पाहिलेल्याला याचे अप्रूप बेताचेच वाटावे. तो घुमट याहून रुंद, वर अर्धशतकाने जुना.

मुंबई इलाख्यातला माणूस थबकावा असे खरे कारण खाली, पुतळ्यांत होते. कलकत्त्याचा न्यायाधीश विल्यम जोन्स रोमन वेषात उभा आहे, हाताशी मनुस्मृती. ईस्ट इंडिया कंपनीने तो जॉन बेकनकडून घडवून घेतला. चौथरा वाकून पाहावा, तर तिथे समुद्रमंथन कोरलेले: कूर्मावतार, मंदार पर्वत, शिवाय त्रिमूर्तीही. ख्रिस्ती देवळात विष्णूला जागा मिळाली ती अशी, एका साहेबाच्या विद्वत्तेचा दाखला म्हणून. कलकत्त्याचा पहिला बिशप मिडलटन याच्या स्मारकात मात्र दोन हिंदी तरुण गुडघे टेकून आशीर्वाद घेताना दिसतात.

मॅथ्यू नोबलने घडवलेला माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचा पुतळाही इथलाच. पुण्याचा हा रेसिडेंट पेशवाई बुडाल्यावर मुंबईचा गव्हर्नर झाला. त्याच्या नावाच्या संस्थेत दादाभाई नौरोजी शिकले, तिथेच प्राध्यापक झाले आणि 1855 साली लंडनला आले. तळघरात वेलिंग्टन निजला आहे. 1803 साली असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला तो त्यानेच, आणि त्या लढाईत एल्फिन्स्टन त्याच्यासोबत होता. इंग्रज पाहुण्याला हे सारे पराक्रमाचे दालन वाटे. आपल्याकडच्या माणसाला तीच नावे घरच्या पडझडीतून आधीच ठाऊक असत.

22 जून 1897 रोजी राणीच्या कारकिर्दीच्या साठ वर्षांची आभारप्रार्थना याच देवळाच्या पायऱ्यांसमोर झाली. थकलेल्या राणीला पायऱ्या चढवेनात, म्हणून ती गाडीतच बसून राहिली. मिरवणुकीत हिंदी घोडेस्वारही होते. इकडे पुण्यात त्याच रात्री, गणेशखिंडीतला ज्युबिलीचा समारंभ आटोपून परतणाऱ्या प्लेग अधिकारी रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली. प्लेगच्या बंदोबस्तात पुणेकरांनी जे सोसले त्याचा तो हिशेब होता. जोन्सच्या चौथऱ्यावर जागा मिळालेला हिंदुस्थान आणि गणेशखिंडीतला हिंदुस्थान एकच आहे, हे लंडनला त्या आठवड्यात तारेने कळले.