न उघडणारी काच

गाडीत हात घालायचा असेल तर चोर सहसा पुढच्या मोठ्या काचेच्या नादी लागत नाही. ती फुटली तरी गळून पडत नाही. दोन काचांच्या मध्ये चिकटवलेला प्लास्टिकचा पातळ पडदा तिला धरून ठेवतो. चोराची नजर जाते मागच्या दरवाजाच्या कोपऱ्यातल्या किंवा डिकीलगतच्या छोट्या काचेकडे. ती फोडली की आवाज बेताचा होतो, हात आत जातो आणि पुढचं काम मिनिटाचं. मालक आधी बॅग गेली म्हणून हळहळतो, मग निदान मोठी काच तरी वाचली म्हणून समाधान मानतो. हे समाधान वर्कशॉपमधला अंदाज हातात पडेपर्यंत टिकतं. कारण कित्येक मॉडेलांत ही न उघडणारी वीतभर काच दरवाजातल्या वर-खाली होणाऱ्या काचेपेक्षा महाग निघते, आणि बसवायला वेळही जास्त खाते.

चोरच लागतो असंही नाही. सोसायटीच्या आवारातला क्रिकेटचा चेंडू, गवत कापण्याच्या यंत्राखालून उडालेला खडा, पावसाळ्यात मोडलेली गुलमोहराची फांदी, यांतलं काहीही पुरतं.

अशा काचांच्या बऱ्याच गाड्या बनतात नाशिकमध्ये. हे मोटारगाड्यांचंही गाव आहे, ही गोष्ट द्राक्षांच्या आणि कुंभमेळ्याच्या गजरात जरा मागे पडते. महिंद्राने इथे 1981 मध्ये कारखाना उभारला. 2002 मध्ये बाजारात आलेली स्कॉर्पिओ इथेच तयार झाली, 2007 ची लोगानही इथलीच. मराझ्झोचं अनावरण 2018 मध्ये नाशिकच्या कारखान्यातच झालं आणि 2020 पासून नवी थार इथून बाहेर पडू लागली. शेजारी बॉशचा जुना कारखाना, सीएटचे टायर, आणि सातपूर-अंबडच्या गल्ल्यांत सुटे भाग करणारी शेकडो युनिट्स. एवढा इतिहास पुरे. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्यातला महत्त्वाचा भाग हा की यांतल्या बऱ्याच गाड्यांना मागे कायमच्या बंद काचा आहेत. तीन दारांच्या थारमध्ये मागे बसणाऱ्याला काच उघडता येत नाही, ही तक्रार ती गाडी आल्या दिवसापासून ऐकू येते. मराझ्झोतली तिसऱ्या रांगेची काचही तशीच. कुटुंबाच्या मोठ्या गाडीला मागे उजेड हवा, पण तिथे काच खाली उतरायला पत्र्यात पोकळी नसते. चाकाची कमान आडवी येते. म्हणून काच पत्र्याला चिकटवून टाकायची.

कारखान्यात हे चिकटवणं सोपं. पत्रा नवा, रंग ताजा, धुळीचा कण नाही, तापमान आटोक्यात. तीच काच आठ वर्षांनी नाशिकच्या द्वारका किंवा मुंबई नाक्याच्या बाजूच्या गॅरेजात बदलायची, तर पत्र्याला इतिहास चिकटलेला असतो.

पूर्वी हा प्रश्न वेगळा होता. जुन्या जीपला, फियाटला, अँबेसेडरला काच बसे ती रबरात. रबराला दोन खाचा. एकीत काच, दुसरीत पत्र्याची कड. कारागीर आधी रबर काचेभोवती चढवायचा, मग पत्र्याकडच्या खाचेत सगळीकडून एक दोरी फिरवून तिची दोन्ही टोकं गाडीच्या आत सोडायचा. साबणाचं पाणी मारून काच बाहेरून चौकटीला टेकवली की बाहेरचा माणूस तळहाताने ठोकत राही आणि आतला दोरी ओढत जाई. दोरी निघेल तशी रबराची ओठासारखी कड पत्र्यावर उलटून बसे. दोन माणसं, एक दोरी, एक साबणाची वडी. सपाट काच असली तर ती कोपऱ्यावरचा काचवालाही हव्या मापाची कापून देत असे.

आता ती सोय राहिलेली नाही. बाजूच्या काचा आज टफन असतात, म्हणजे आकार देऊन, कडा घासून झाल्यावर सहाशे अंशांच्या वर तापवलेल्या आणि मग हवेच्या झोतांनी झटक्यात थंड केलेल्या. बाहेरचा थर आधी घट्ट होतो, आतला मागाहून आकसतो आणि बाहेरच्याला कायम आवळून धरतो. या ताणामुळे ती साध्या काचेच्या चार-पाच पट मजबूत होते. फ्रान्सच्या द ला बास्तीने 1874 मध्ये तापलेली काच तेलात बुडवून ही युक्ती व्यवहारात आणली. आज तेलाची जागा हवेने घेतली, तत्त्व तेच. पण हा ताण एका ठिकाणी जरी सुटला, तरी सगळी काच एकदम खडीसाखर होते. म्हणूनच ती नंतर कापता येत नाही, घासता येत नाही, भोक पाडता येत नाही. जी काच आहे ती त्याच गाडीच्या, त्याच वर्षाच्या, त्याच बाजूच्या साच्यातली असावी लागते. भोसरी-चाकणला सेंट-गोबेन सेक्युरिटसारख्या कंपन्या गाड्यांच्या काचा बनवतात. नाशिकहून चाकण काही लांब नाही, तरी चालू मॉडेल नसेल तर त्या साच्यातली एक काच मिळायला आठवडेही जातात.

काच आली की मगच कारागिराचं खरं काम दिसतं, आणि पाहणारा खिळून जातो तो काचेमुळे नाही, काळ्या चिकाच्या नळीमुळे.

त्याआधीचा अर्धा दिवस मात्र सफाईचा. टफन काचेचे तुकडे बोथट असले तरी शेकड्यांनी असतात आणि गुरुत्वाकर्षण त्यांना नेमकं नको तिथे नेतं. सीटच्या फटीत, सीटबेल्टच्या गुंडाळीत, चाकाच्या कमानीवरच्या पोकळीत. जाणता कारागीर आतलं प्लास्टिकचं पॅड काढल्याशिवाय काच लावायला घेत नाही. पॅड नुसतं ओढून निघत नाही. आत क्लिपा असतात, काही ठिकाणी सीटबेल्टचा बोल्ट सोडावा लागतो, आणि नव्या गाड्यांत छताच्या कडेने पडदा एअरबॅग गेलेली असते. म्हणून आधी बॅटरीची तार काढायची, मग प्लास्टिकच्या पट्टीने एकेक क्लिप उचकायची. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हरने घाई केली की क्लिप तुटते आणि मग ते पॅड आयुष्यभर खडखडतं. उरलेले तुकडे व्हॅक्यूमने ओढायचे. घाईतल्या गॅरेजात हा टप्पा गाळला जातो. घाटात गाडी वळली की मागून खळखळ ऐकू येते, ती त्याचीच.

मागच्या दरवाजातली छोटी तिकोनी काच असेल तर प्रकार निराळा. तिथे बहुधा चिक नसतो. दरवाजाचं पॅड काढायचं, मोठी काच खाली घ्यायची, दोन काचांमधल्या उभ्या चॅनेलचे स्क्रू सोडायचे, चॅनेल तिरकं करून बाहेर घ्यायचं, की तिकोनी काच रबरासकट सरकून येते. हे काम तासाभराचं. अडचण येते ती गाडीच्या पत्र्याला चिकटवलेल्या काचेत.

तिच्या चौकटीवर जुन्या पॉलियुरेथेनचा, गॅरेजात ज्याला नुसतं पीयू म्हणतात त्याचा, काळा थर उरलेला असतो. नवख्याला वाटतं, तो पत्र्यापर्यंत खरवडून टाकावा. कारागीर तसं करत नाही. धारदार पात्याने तो थर तासत नेतो आणि मिलिमीटर-दीड मिलिमीटर जाडीची काळी पट्टी मुद्दाम ठेवतो, कारण नव्या पीयूला ताज्या कापलेल्या जुन्या पीयूइतकी चांगली पकड दुसऱ्या कशावर मिळत नाही. पातं कुठे रंगावर घसरलं आणि पांढरा पत्रा दिसला, तर तिथे प्रायमरचा बोळा फिरवायचा आणि तो वाळू द्यायचा. नव्या काचेच्या कडेला काळी पट्टी भाजलेली असते. ती शोभेची नाही. ऊन पीयूपर्यंत पोचून त्याला सडवू नये म्हणून असते. तिलाही आधी स्वच्छक, मग प्रायमर. या पट्टीला नंतर बोट लागता कामा नये. हाताचं तेलकटपण पुरेसं असतं.

मग नळी. तिचं नाक कापताना कारागीर सरळ कापत नाही, एका बाजूने इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच घेतो. त्यामुळे बंदुकीतून पीयूची रेघ गोल न निघता उभ्या त्रिकोणी धारेची निघते. ही धार काच दाबल्यावर चपटी होऊन दोन्ही बाजूंना सारखी पसरते आणि मध्ये हवेची पोकळी राहत नाही. रेघ एका दमात घालायची, बंदूक थांबवायची नाही, आणि शेवट सुरुवातीवर थोडा चढवायचा. रेघ तुटली तर पावसाळ्यात पाणी नेमकं तिथूनच वाट काढणार. काचेला सक्शन कप लावून ती चौकटीसमोर धरतात, खालची कड आधी टेकवतात, आणि एकदा टेकली की सरकवायची सोय नसते. वरून टेपच्या पट्ट्या. चिक घट्ट होईपर्यंत काच खाली घसरू नये एवढ्यापुरत्याच त्या, पण मालकाला वाटतं टेपनेच काच चिकटवली.

पीयूची गंमत अशी की तो सुकत नाही, हवेतला ओलावा पिऊन घट्ट होतो. बाहेरून आत, चोवीस तासांत साधारण तीन-चार मिलिमीटर. मे महिन्यातल्या नाशिकच्या कोरड्या हवेत त्याचा वेग मंदावतो. डिसेंबरात, निफाडचा घसरलेला पारा वर्तमानपत्रात झळकू लागतो तेव्हा, नळीतला चिक इतका घट्ट होतो की बंदूक दाबताना मनगट दुखतं. मग नळी कोमट पाण्यात ठेवायची किंवा बॉनेटवर उन्हात. पावसाळ्यात ओलावा भरपूर, पण चौकट ओली असली तर पकडच बसत नाही. वर्षभर सोयीचे असे दिवस थोडेच.

एवढं काम नीट झालं तरी पुढे अडचणींची रांग असते, आणि ती बहुतेक गॅरेजबाहेरची असते.

पहिली, काच कुठून आणायची. कंपनीची काच म्हणजे बऱ्याचदा काच, तिच्याभोवती साच्यात ओतलेली काळी रबरी कड आणि मागे चिकटवलेले खिळे-क्लिपा, असं सगळं मिळून एक भाग. किंमत चढते ती त्यामुळे. जुनं मॉडेल असेल तर तो भाग मिळणंच बंद होतं. मग लोक भंगाराकडे वळतात. सातपूर-अंबड लिंक रोडच्या भंगार बाजारात मोडीत निघालेल्या गाड्यांचे अवयव मिळत, काचांसकट. हा बाजार अनधिकृत होता, आगींच्या आणि प्रदूषणाच्या तक्रारी होत्या, आणि जानेवारी 2017 मध्ये महापालिकेने मोठ्या बंदोबस्तात तो हटवला. कायद्याच्या बाजूने बोलायला काही अडचण नाही. पण बंद झालेल्या मॉडेलची काच शोधणाऱ्याच्या दृष्टीने शहरातलं एक मोठं कपाट रिकामं झालं, आणि अधिकृत मोडणी केंद्रांनी ती जागा अजून भरून काढलेली दिसत नाही.

जुनी चिकटवलेली काच अखंड काढणं हेही कौशल्यच. पीयूमधून तार ओवून ती दोन्हीकडून करवतीसारखी ओढत नेतात. कडेला तार जरा जरी आपटली तरी काच गेली. शिवाय अशा काचेवर कधीकधी दुसऱ्याच गाडीचा नोंदणी क्रमांक कोरलेला असतो. रस्त्यात पोलिसाला त्याचा खुलासा करताना घाम फुटतो.

दुसरी अडचण रंगाची. कंपनीच्या काचांना हलकी हिरवट छटा असते, बाजारातली काच पांढरी निघते. मग मालक म्हणतो, वर फिल्म लावून टाका. मोटार वाहन नियमांतल्या 100 व्या नियमानुसार पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचेतून 50 टक्के उजेड आरपार गेला पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने 27 एप्रिल 2012 च्या निकालात काचांवर फिल्म चिकटवायलाच बंदी घातली होती. 2021 पासून लागू झालेल्या दुरुस्तीने नियमाची भाषा बदलली, पण टक्केवारी तीच राहिली. काचेच्या कोपऱ्यातला शिक्का म्हणूनच वाचून घ्यावा. त्यात बनवणाऱ्याचं नाव, आयएस 2553 हा मानक क्रमांक आणि काच टफन की पुढच्या काचेसारखी मध्ये पडदा असलेली लॅमिनेटेड हे लिहिलेलं असतं. शिक्का नसलेली काच स्वस्त मिळते, आणि ती फुटताना कशी फुटेल हे कुणीच सांगू शकत नाही.

तिसरी अडचण सिलिकॉनची. बाथरूमच्या टाइल्सच्या फटी भरायचं सिलिकॉन पीयूपेक्षा स्वस्त, लावायला सोपं, आणि पहिल्या दिवशी अगदी तसंच दिसतं. पण बरीच सिलिकॉन सुकताना आम्ल सोडतात, ते ओरखडलेल्या पत्र्याला गंज चढवतं. आणि सिलिकॉनचा अंश राहिलेल्या जागी नंतर पीयू धरत नाही. पुढच्या वेळी काच फुटली की आधीच्या बचतीची वसुली तिथे होते. चौकटीतला गंज तर काच काढल्याशिवाय दिसतही नाही. मग काचवाल्याकडून डेंटिंग-पेंटिंगवाल्याकडे आणि पुन्हा परत, असा गाडीचा प्रवास सुरू होतो.

शेवटी विमा. काचेवर घसारा कापला जात नाही, हे ऐकून मालक खुश होतो. पण भोवतीच्या रबर-प्लास्टिकवर 50 टक्के कपात होते आणि 1500 सीसीपर्यंतच्या गाडीला पहिले 1000 रुपये मालकानेच भरायचे असतात. खरा फटका नो क्लेम बोनसचा. समजा गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा हप्ता 12,000 रुपये आहे आणि पाच वर्षं दावा न केल्याने त्यात 50 टक्के सूट मिळते. पाच हजारांच्या काचेसाठी दावा केला तर हातात जेमतेम चार हजार येतात आणि पुढच्या वर्षी सहा हजारांची सूट जाते, बोनस वाचवणारी जोडपॉलिसी घेतलेली नसेल तर. चोरीला गेलेली बॅग तर गाडीच्या विम्यात धरलीच जात नाही. त्यामुळे बरेच जण दाव्याच्या भानगडीत न पडता रोख देऊन मोकळे होतात, आणि कर वाचवायचा म्हणून पक्कं बिलही घेत नाहीत. जूनमध्ये डिकीच्या गालिचाखाली पाणी साचलं की मग त्यांना बिल आठवतं.