पत्रिकेवर ‘पवित्र मिस्सा’ लिहिलं असेल तर...

डहाणू-तलासरीकडच्या कॅथलिक लग्नाची पत्रिका हाती आली की तिच्यावर बहुधा दोन वेळा दिसतात. वरची चर्चमधल्या विधीची, खालची स्वागत समारंभाची. मुहूर्त साडेअकराचा आणि अक्षता सव्वाबाराला, याची सवय असलेले बरेच जण वरची वेळ सोडून देतात आणि थेट जेवणाला पोचतात. पण लग्न लागतं ते वरच्याच वेळेला, आणि चर्चचं घड्याळ सहसा पाहुण्यांसाठी थांबत नाही. त्याच दिवशी दुसरी मिस्सा (कॅथलिकांची सामूहिक उपासना) किंवा दुसरं लग्नही असू शकतं.

आधी चर्च कोणतं ते पाहा

डहाणूत ‘चर्चमध्ये लग्न आहे’ एवढं सांगून भागत नाही. ‘चर्च ऑफ द ब्रेदरन’ या अमेरिकी प्रोटेस्टंट पंथाचं मिशन इथे जुनं आहे. १९७० साली चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झालं, तेव्हा त्यात सामील झालेल्या पंथांत ब्रेदरनही होते. प्रोटेस्टंट विवाहात प्रार्थना, बायबलवाचन, शपथा असतात, पण कॅथलिक अर्थाने मिस्सा नसते आणि विवाहाला ‘साक्रामेंत’ म्हणजे संस्कार मानत नाहीत.

कॅथलिकांसाठी हा भाग वसई धर्मप्रांतात येतो. हा धर्मप्रांत १९९८ साली मुंबईपासून वेगळा झाला. तलासरीत येशूसंघीय फादरांचं ज्ञानमाता सदन आहे. वसईकडचा कॅथलिक समाज पोर्तुगीज काळापासूनचा. डहाणू-तलासरीत मात्र वारली आणि इतर आदिवासी कुटुंबंही या समाजात आहेत. त्यामुळे ‘कॅथलिक लग्न’ म्हटल्यावर हिंदी सिनेमातला पांढरा गाऊन आणि पियानोच डोळ्यांपुढे आणू नका. प्रार्थना मराठीत असेल, नवरी साडीतही असेल. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२–६५) लॅटिनऐवजी लोकभाषेला वाट मोकळी केली आणि विवाहविधीत स्थानिक चालीरीतींना जागा दिली. म्हणूनच भारतात अंगठ्यांसोबत मंगळसूत्रालाही आशीर्वाद दिला जातो.

पाच माणसांचा विधी

या लग्नाला किमान किती माणसं लागतात? वर, वधू, धर्मगुरू आणि दोन साक्षीदार. हा नियम १५६३ सालच्या ट्रेंट परिषदेचा. त्याआधी युरोपात दोघांनी गुपचूप एकमेकांना वचन दिलं तरी विवाह वैध ठरायचा, आणि पुढे एकाने कानांवर हात ठेवले की दुसऱ्याकडे पुरावा नसायचा. तो घोळ थांबवण्यासाठी साक्षीदार आले, नोंदवही आली. लग्नाआधी चर्चमध्ये दोघांची नावं पुकारण्याची प्रथाही याच काळजीतून पक्की झाली. रिवाजाप्रमाणे ती तीन वेळा, रविवारच्या मिस्सेत पुकारतात. कोणाला या विवाहात अडचण ठाऊक असेल, तर त्याने ती फादरांना आधीच सांगायची असते. भर चर्चमध्ये कोणी ‘थांबा’ म्हणून ओरडेल, ही सिनेमातली कल्पना घरीच ठेवा.

आणखी एक गोष्ट अनेकांना ठाऊक नसते. रोममधल्या पोपशी जोडलेल्या लॅटिन परंपरेत विवाहाचा संस्कार फादर देत नाहीत. वर आणि वधूच तो एकमेकांना देतात. फादर चर्चच्या वतीने त्यांची संमती विचारतात आणि स्वीकारतात. याउलट वारली परंपरेत लग्न लावते धवलेरी. तिच्या गाण्यांनी विधी पुढे सरकतो आणि भिंतीवर तांदळाच्या पिठाने लिहिलेल्या चौकात पालघाट देवी असते. चर्चमध्ये सगळा भार दोघांच्या चार वाक्यांवर असतो. तेवढा वेळ तरी खुर्च्या सरकवणं आणि ‘अरे, तू कधी आलास?’ बंद हवं.

चर्चमध्ये काय होतं

मिस्सेसह विवाह असेल तर तासभर धरून चला. प्रवेशानंतर बायबलमधली वाचनं, स्तोत्र, शुभवर्तमान आणि फादरांचं प्रवचन होतं. मग दोघांना विचारलं जातं: तुम्ही कोणाच्याही दबावाशिवाय आलात का? आयुष्यभर एकनिष्ठ राहाल का? देवाने दिलेली मुलं प्रेमाने स्वीकाराल का? त्यानंतर उजवे हात हातात घेऊन संमती, आणि मग अंगठ्या. पुढे भाकर आणि द्राक्षारसाचं अर्पण, प्रभूची प्रार्थना, नवदांपत्यासाठी खास आशीर्वाद, शांतीची देवाणघेवाण, कम्युनियन आणि शेवटी नोंदवहीत सह्या.

पाहुण्याने काय करावं? पुढचे बाक घरच्यांसाठी असतात, ते सोडून बसा. सगळे उभे राहिले की उभे राहा. गुडघे टेकणं, क्रुसाची खूण करणं बंधनकारक नाही. शांत बसून राहिलात तरी कोणी वावगं मानत नाही. शांतीच्या वेळी शेजारचा वळून हात जोडेल, तुम्हीही जोडा. दानाची पिशवी फिरली तर टाकणं ऐच्छिक. चपला बहुतेक चर्चमध्ये घालूनच जातात, पण पाड्यावरच्या प्रार्थनामंदिरात दाराशी चपलांची रांग दिसली तर तुमच्याही तिथेच काढा. अक्षता आत टाकत नाहीत. फुलांच्या पाकळ्या असतील तर त्या जोडपं दाराबाहेर आल्यावर. मोबाइल गप्प ठेवा आणि फोटोसाठी वेदीजवळ जाऊ नका. नेमलेल्या फोटोग्राफरलाही तिथे मर्यादा असतात. कपड्यांचं म्हणाल तर खांदे झाकलेले असावेत, आणि नवरी पांढऱ्यात असण्याची शक्यता असल्याने पांढरा टाळावा.

सगळ्यांत नाजूक जागा कम्युनियनची. प्रसाद नाकारू नये, हे आपल्या अंगात भिनलेलं असतं. रांग दिसली की पाय आपोआप उठतात आणि ओंजळ पुढे होते. पण कॅथलिक श्रद्धेनुसार कम्युनियनमध्ये दिली जाणारी भाकर साक्षात ख्रिस्ताचं शरीर आहे. ती तयारीनिशी आलेल्या कॅथलिकांनीच घ्यायची असते. इतर पंथांचे ख्रिस्तीही सहसा ती घेत नाहीत. तुम्ही जागेवर बसून राहणं हाच इथला आदर. हातात पडलीच, तर खिशात न ठेवता फादरांकडे परत द्या.

वर किंवा वधू बिगरख्रिस्ती असेल, तर धर्मप्रांताची आगाऊ परवानगी लागते आणि विधी साधारणपणे मिस्सेशिवाय होतो. तो आटोपशीर असतो, म्हणून उशीर अजिबात परवडत नाही.

कधी आणि कसं जायचं

ईस्टरपूर्वीच्या प्रायश्चित्त काळात लग्नं टाळतात. नाताळानंतरचा जानेवारी आणि ईस्टरनंतरचा उन्हाळा हे लगीनसराईचे दिवस. मुंबईहून निघणाऱ्यांसाठी २०१३पासून लोकल डहाणू रोडपर्यंत येते, पण गाड्या मोजक्याच. तलासरी मुंबई–अहमदाबाद महामार्गावर आहे. तिथून पाड्यापर्यंत वाहन कोणतं, ते यजमानांना आदल्या दिवशीच विचारा.

मांडवात

आदल्या दिवशीची हळद, मांडव, तारप्याचा नाच यांत घरोघरी फरक असतो. घरच्या कोणाला ‘मी काय करू?’ म्हणून विचारलेलं आवडतं. स्वागत समारंभात केक, जोडप्यासाठी टोस्ट आणि नाच असू शकतो. जेवणात सामिष जास्त असतं. शाकाहारी असाल तर आधी कळवा. ‘तुम्ही ख्रिस्ती कधी झालात?’ ही चौकशी मात्र पंगतीत नको.

जोडप्यासोबत त्यांचं मूल दिसलं तरी भुवया उंचावू नका. वारली समाजात खर्च जमेपर्यंत एकत्र राहून लग्न नंतर करणं रूढ आहे, आणि अशा जोडप्यांचा विवाहही चर्चमध्ये लागतो.

खर्चाचा हा विषय इथे फार जुना आहे. लग्नासाठी सावकाराचं कर्ज घेऊन त्याच्या शेतावर वर्षानुवर्षं राबणाऱ्या माणसाला ‘लग्नगडी’ म्हणत. १९४५ साली तलासरीजवळच्या झरी गावात वारली एकत्र आले आणि गोदावरी परुळेकर, शामराव परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली वेठ आणि लग्नगडी या दोन्ही पद्धती त्यांनी मोडून काढल्या. कर्जाचं रूप आज बदललं असेल, पण मांडव, डीजे आणि जेवणावळीची चढाओढ घराला अजूनही वाकवू शकते.

म्हणून आहेर पाकिटातून द्यावा, जमेल तेवढा. येणाऱ्यांचा आकडा आधी सांगावा आणि ऐनवेळी चार जण वाढवू नयेत. चर्चला लग्नासाठी पाचच माणसं लागतात. सहाव्यापासून पुढचा सगळा खर्च तुमच्या-माझ्यासाठी असतो. तो वाढवायचा नाही आणि वरच्या वेळेला हजर राहायचं, एवढं पाळलं तरी यजमान पुढच्या लग्नाला आपल्याला आवर्जून बोलावतील.