दीक्षेआधीचा वर्ग

साखरा गाव हिंगोली जिल्ह्यातलं, आणि हा जिल्हा कॅथॉलिक चर्चच्या रचनेत औरंगाबाद धर्मप्रांतात येतो. १९७७ साली मराठवाड्यासाठी हा स्वतंत्र धर्मप्रांत झाला. इथल्या एखाद्या प्रौढ माणसाला ख्रिस्ताची ओढ वाटली, तर धर्मगुरू त्याला लगेच स्नानसंस्कार (बाप्तिस्मा) देत नाहीत. आधी वर्गाला बसवतात. तो वर्ग नेमका कुणासाठी, हे नीट कळायला हवं.

ही पद्धत ख्रिस्ती धर्माच्या पहिल्या शतकांतली. पुढे ती मागे पडली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये तिच्या पुनरुज्जीवनाचा निर्णय घेतला आणि १९७२ मध्ये प्रौढांच्या दीक्षेचा नवा विधी जाहीर झाला. आधी शंका विचारण्याचा मोकळा काळ. मग दीक्षार्थी म्हणून स्वीकार आणि सावकाश चालणारं शिक्षण: बायबल, श्रद्धेची तत्त्वं, प्रार्थना, आचरण. सोबतीला एक जाणता श्रद्धावंत असतो. उपवासकाळाच्या पहिल्या रविवारी निवडीचा विधी होतो, आणि ईस्टरच्या आदल्या रात्री स्नानसंस्कार, दृढीकरण व ख्रिस्तप्रसाद हे तिन्ही संस्कार एकत्र मिळतात. त्यानंतरही पेन्टेकॉस्टच्या सणापर्यंत शिकवण चालू राहते.

मराठीला हे शिकवणं नवं नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात रायतूरला छापलं गेलं, ते तिथल्या साष्टी भागातल्या नवख्रिस्ती माणसांसाठीच. बायबलची कथा त्यांनी ओवीत, प्रश्नोत्तरांच्या ओघात सांगितली, कारण ऐकणाऱ्याला पुराणाची सवय होती. पण त्या गोव्यात धर्मामागे पोर्तुगीज सत्तेचा धाक होता, हेही विसरता येत नाही. कुणालाही त्याच्या सदसद्विवेकाविरुद्ध श्रद्धा स्वीकारायला लावू नये, हा आजच्या चर्च-कायद्याचा नियम म्हणूनच मोलाचा आहे.

मग वर्गाला कुणी यावं? ज्याचा स्नानसंस्कार झालेला नाही आणि ज्याला मनापासून शोध घ्यायचा आहे, त्याने. सात वर्षांवरची कळती मुलंही या बाबतीत प्रौढांतच धरली जातात. मेथडिस्ट किंवा सीएनआय (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) चर्चमधून येणाऱ्याचा स्नानसंस्कार पुन्हा केला जात नाही. त्याला लागेल तेवढीच तयारी करून घेतात. बालपणी स्नानसंस्कार झाला पण शिकवण मिळाली नाही, असे कॅथॉलिकही इथे बसू शकतात. ज्याला नुसती उत्सुकता आहे, त्यानेही यावं. पहिल्या टप्प्यावर कसलंच बंधन नसतं आणि पुढेही कधीही थांबता येतं.

केवळ लग्न जुळावं म्हणून मात्र कुणी येऊ नये. कॅथॉलिक व्यक्तीशी लग्न करण्यासाठी धर्म बदलावाच लागतो, हा गैरसमज आहे. बिशपांच्या परवानगीने, आपापला धर्म राखून चर्चमध्ये विवाह होतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली नोंदणीची वाटही खुली आहे. शाळाप्रवेश, नोकरी, मदत यांच्या आशेने येणाऱ्यालाही प्रामाणिक धर्मगुरूने थांबवलंच पाहिजे.

मराठवाड्यात आणखी एक गोष्ट पहिल्याच दिवशी सांगायला हवी. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा आज हिंदू, शीख आणि बौद्धांपुरताच आहे. ख्रिस्ती झालेल्या दलिताचं त्या दर्जावरचं आरक्षण जातं. ज्या घरात एका शिष्यवृत्तीवर मुलाचं शिक्षण उभं आहे, त्या घराला हे आधी कळणं हा त्याचा हक्क आहे. वर्गात हे लपवलं, तर पुढची सगळी शिकवण पोकळ ठरते.

तयारीचा हा वेळ काहींना अडथळा वाटतो. मला तो माणसाचा मान वाटतो. घाईत घेतलेली दीक्षा घाईतच सुटते. समजून घेतलेली श्रद्धा घरच्यांच्या प्रश्नांपुढेही टिकते. तेव्हा ज्यांच्या मनात प्रश्न आहेत, त्यांनी जवळच्या धर्मग्रामात जाऊन फादरांना भेटावं, घरच्यांना सांगून जावं, हवं ते विचारावं, आणि उत्तर पटलं तरच पुढचं पाऊल टाकावं.